तांबड्या रक्तपेशीची साक्ष : कीटकनाशके, जीवनसत्त्वे आणि 'रक्षण' या कल्पनेचा इतिहास

१

आपल्याकडील शेतकरी कीटकनाशकास 'औषध' म्हणतो, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. 'कपाशीवर औषध मारले', 'औषधाचा पंप धुऊन ठेव' अशी वाक्ये विदर्भ-मराठवाड्यात कोणाही शेतकऱ्याच्या तोंडी ऐकावयास मिळतात. तालुक्याच्या गावी दुकानांवर 'बी-बियाणे, खते व औषधे' अशा पाट्या दिसतात. मात्र त्याच औषधाच्या डब्यावर, १९७१ च्या कीटकनाशक-नियमांनुसार, विषाची तीव्रता दाखविणारा रंगीत त्रिकोण छापलेला असतो. अत्यंत तीव्र विषासाठी तांबडा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य विषासाठी हिरवा असा हा क्रम आहे. एकच वस्तू बाजाराच्या भाषेत औषध आणि कायद्याच्या भाषेत विष ठरली आहे. शब्दाने वस्तूचा गुण बदलत नाही हे खरे. परंतु ती वस्तू हाताळणाऱ्या माणसाची वृत्ती शब्दाने बदलते, हे भाषेच्या अभ्यासकास नाकारता येणार नाही.

प्रस्तुत लेखकाचा अभ्यासविषय भाषाशास्त्र होय. रसायनशास्त्राच्या प्रांतात शिरण्याचे कारण एक वाक्य आहे. 'क आणि ई ही जीवनसत्त्वे कीटकनाशकांपासून रक्तपेशींचे रक्षण करतात' या आशयाचे विधान गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील जीवरसायनविषयक लेखनात वारंवार आढळते, आणि तेथून ते वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरांत उतरले आहे. या वाक्यातील 'रक्षण करतात' हे क्रियापद वरवर पाहता अगदी सरळ आहे. परंतु त्याचा इतिहास शोधू लागल्यास असे दिसते की, हे क्रियापद रबर आणि तेले यांच्या व्यवहारातून निघाले, परीक्षानळीतील पेशींपर्यंत आले, तेथून उंदरांकडे गेले आणि अखेर माणसापर्यंत येऊन पोहोचले. प्रत्येक मुक्कामावर त्याचा अर्थ थोडा बदलला. शब्द मात्र तोच राहिला. हा प्रवास नोंदविणे आणि त्यातून फवारणी करणाऱ्या मजुराच्या संबंधात काय निष्पन्न होते ते पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम जीवनसत्त्वांची नावे पाहू. १७४७ च्या मे महिन्यात जेम्स लिंड या आरमारी वैद्याने 'सॅलिसबरी' या जहाजावर स्कर्व्हीने आजारी असलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीस निरनिराळा उपचार दिला. ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली ते सर्वांच्या आधी सुधारले. ही हकीकत त्याने १७५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तथापि ब्रिटिश आरमारात लिंबाच्या रसाचे वाटप सर्रास सुरू होण्यास १७९५ साल उजाडावे लागले. फळांत नेमके कोणते द्रव्य आहे याचा पत्ता मात्र कोणासच नव्हता.

१९१२ मध्ये कॅसिमिर फुंक याने अशा अज्ञात अन्नद्रव्यांना 'व्हिटामाइन' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'व्हिटा' म्हणजे जीवन. आणि ही द्रव्ये 'अमाइन' या रासायनिक वर्गातील असावीत असा त्याचा तर्क होता. सर्वच द्रव्ये अमाइन नाहीत असे दिसून आल्यावर १९२० मध्ये जॅक ड्रमंड याने शब्दाच्या अंत्य भागातील 'इ' हे अक्षर गाळावे आणि या द्रव्यांना रोमन वर्णक्रमाने ओळखावे अशी सूचना केली. आपण हाच क्रम 'अ, ब, क, ड, ई' असा घेतला. तो देवनागरी वर्णमालेचा क्रम नव्हे, रोमन क्रमाची ती सावली होय. 'जीवनसत्त्व' या मराठी शब्दात अमाइनची चूक उतरली नाही हे खरे. परंतु त्यात 'सत्त्व' आले. गुळवेलीचे सत्त्व काढणाऱ्या आणि 'सत्त्वपरीक्षा' हा शब्द सहज वापरणाऱ्या समाजात 'सत्त्व' म्हणजे सार, बळ आणि शुद्धता असे तिन्ही अर्थ एकाच वेळी जागे होतात. ज्याच्या नावातच जीवनाचे सत्त्व आहे, ते अधिक घेतल्याने अपाय होईल ही कल्पना मनाला सहज पटत नाही.

क जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव याहून बोधप्रद आहे. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी याने केंब्रिज येथे काम करीत असता १९२८ मध्ये अधिवृक्क ग्रंथीतून एक शर्करासदृश द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. ते काय आहे हे ठाऊक नसल्याने त्याने 'मला माहीत नाही' या अर्थाच्या लॅटिन धातूला शर्करावाचक प्रत्यय जोडून 'इग्नोज' असे नाव सुचविले. संपादकांनी ते नाकारले. तेव्हा त्याने 'देव जाणे' अशा अर्थाचे 'गॉडनोज' हे दुसरे नाव पाठविले. तेही अर्थातच नाकारले गेले. पुढे १९३२ मध्ये हेच द्रव्य क जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले, आणि स्कर्व्हीस प्रतिबंध करणारे म्हणून त्यास 'ॲस्कॉर्बिक आम्ल' हे नाव मिळाले. ई जीवनसत्त्वाची कथाही अशीच आहे. १९२२ मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप यांनी बर्कली येथे दाखविले की, विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांचे गर्भ टिकत नाहीत, आणि आहारात हिरव्या पाल्याची भर घातल्यास टिकतात. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, तेव्हा त्याच विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून यांनी 'अपत्यजन्म' आणि 'धारण करणे' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द घेऊन 'टोकोफेरॉल' हे नाव घडविले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या दोन्ही नावांत ऑक्सिडीकरणास विरोध करण्याच्या गुणाचा उल्लेख नाही. एक नाव रोगावरून पडले, दुसरे उंदरांच्या प्रजननावरून पडले. ज्या गुणासाठी आज ही जीवनसत्त्वे सर्वत्र गौरविली जातात, तो गुण त्यांस नंतर चिकटला, आणि तो आला अगदी वेगळ्या दिशेने.

३

ही दिशा उद्योगांची होती. तेले खवट होतात, रबर चिरते, रंग विटतात. हवेतील ऑक्सिजनचा हा संथ परिणाम कारखानदारांच्या फार पूर्वीपासून परिचयाचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात शार्ल मूर्‍यू आणि शार्ल द्यूफ्रेस हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ॲक्रोलिन हे अस्थिर द्रव्य टिकविण्याच्या खटपटीत होते. फिनॉलवर्गातील पदार्थ अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास ऑक्सिडीकरण थांबते, असे त्यांस आढळले, आणि १९२२ च्या सुमारास त्यांनी अशा पदार्थांविषयी व्यापक विवेचन केले. ऑक्सिडीकरणरोधक ही कल्पना रूढ झाली ती अशा रीतीने. आणि तिचा मूळ अर्थ 'साठविलेला माल खराब होऊ न देणारे द्रव्य' असा होता.

१९३७ मध्ये हॅरल्ड ऑल्कॉट आणि ऑलिव्हर इमर्सन यांनी टोकोफेरॉलमध्ये हाच गुण असल्याचे दाखविले. तेलाला खवटपणापासून वाचविणारे द्रव्य आणि गर्भाला वाचविणारे द्रव्य एकच निघाले. मग असा प्रश्न उभा राहिला की, शरीरातही टोकोफेरॉल हेच काम करीत असेल काय? शरीरातील प्रत्येक पेशीचे पटल स्निग्ध द्रव्यांचे बनलेले असते, आणि त्यांतील असंतृप्त मेदाम्ले तेलाप्रमाणेच ऑक्सिजनला बळी पडू शकतात.

या प्रश्नाचे उत्तर रक्ताने दिले. १९४८ ते १९५० या काळात पॉल ग्यॉर्गी आणि कॅथरीन रोझ यांनी फिलाडेल्फिया येथे केलेल्या प्रयोगांत ई जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या उंदरांना ॲलॉक्सन हे द्रव्य टोचले असता त्यांच्या मूत्रात हीमोग्लोबिन उतरले, म्हणजे त्यांच्या तांबड्या पेशी फुटल्या. पुढे शरीराबाहेर, डायाल्युरिक आम्लाच्या द्रावणात, अशा उंदरांच्या पेशी विरघळतात आणि टोकोफेरॉल मिळालेल्या उंदरांच्या टिकतात, असे दाखविता आले. रक्तविलयनाची ही चाचणी पुढे ई जीवनसत्त्वाची पातळी ओळखण्याचे साधनच बनली. १९६७ मध्ये फ्रँक ऑस्की आणि लुईस बार्नेस यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत ई जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रक्तक्षय वर्णन केला. ते जीवनसत्त्व दिल्यावर मुले सुधारली. 'ई जीवनसत्त्व तांबड्या पेशींचे रक्षण करते' या विधानाला मानवी आधार मिळाला तो येथे. मात्र हे रक्षण उणीव भरून काढण्याचे होते, हा त्यातील अध्याहृत भाग पुढील काळात विसरला गेला.

क आणि ई यांची जोडी जमली तीही याच सुमारास. १९६८ मध्ये ॲल टॅपेल याने असे सुचविले की, पटलातील टोकोफेरॉल स्वतः खर्ची पडून मेदाम्लाला वाचविते आणि पाण्यात विरघळणारे ॲस्कॉर्बिक आम्ल त्यास पुन्हा मूळ रूपात आणते. १९७९ मध्ये पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी ही प्रक्रिया प्रयोगाने प्रत्यक्ष दाखविली. एक पटलात आणि दुसरे पटलाबाहेर, असे हे दोन पहारेकरी होत.

४

साक्षीदार म्हणून तांबडी पेशीच का निवडली गेली, हेही समजून घेतले पाहिजे. ही पेशी काढणे सोपे असते. दंडातून थोडे रक्त घेतले की काम भागते. परंतु याहून महत्त्वाचे कारण तिच्या घडणीत आहे. माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे ती नवीन प्रथिने तयार करू शकत नाही. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिला जन्मतः मिळालेल्या शिदोरीवरच निभावून न्यावे लागते. शिवाय तिच्या पोटात हीमोग्लोबिनच्या रूपाने लोह आणि ऑक्सिजन सतत एकत्र नांदत असतात. म्हणजे आग आणि कापूस शेजारीशेजारी ठेवल्यासारखी ही स्थिती आहे. या पेशीच्या अंगी बचावाची कडेकोट व्यवस्था नसती, तर ती एक दिवसही टिकली नसती.

ही व्यवस्था शास्त्रज्ञांना तुकड्यातुकड्यांनी कळली. १९३८ मध्ये मान आणि कीलिन यांनी बैलाच्या रक्तातून तांबे असलेले एक निळसर प्रथिन वेगळे काढले आणि त्यास 'हीमोक्युप्रिन' म्हणजे रक्तातील ताम्रप्रथिन असे नाव दिले. नाव द्रव्यावरून पडले, कारण कार्य ठाऊक नव्हते. तब्बल ३१ वर्षांनी, १९६९ मध्ये, जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखविले की, हे प्रथिन म्हणजे सुपरऑक्साइड या उपद्रवी रेणूचा निकाल लावणारे एंझाइम होय; आणि त्याचे नाव 'सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज' असे झाले. दरम्यान १९५७ मध्ये गॉर्डन मिल्स याने तांबड्या पेशीत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे दुसरे रक्षक एंझाइम शोधले होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ मध्ये, शिकागोच्या संशोधकांनी हिवतापावरील प्रायमाक्विन हे औषध घेतल्यावर काही लोकांचे रक्त का विरघळते याचा उलगडा केला होता. त्या लोकांच्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे एंझाइम अपुरे असते, आणि त्यामुळे पेशीची संरक्षक शिबंदी उपाशी राहते. ही न्यूनता आनुवंशिक आहे. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत ती अधिक आढळते.

या सर्व शोधांना एका छत्राखाली आणणारा शब्द १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांच्या संपादित ग्रंथाने रूढ केला. तो म्हणजे 'ऑक्सिडीकरणाचा ताण'. हल्ला आणि बचाव यांचा तोल हल्ल्याच्या बाजूस झुकणे, असा त्याचा आशय. या शब्दाने विखुरलेल्या निरीक्षणांना एकत्र आणले हे मोठेच कार्य झाले. पण व्यापक शब्दांचा एक दोषही असतो : ते निरनिराळ्या कारणांना एकाच नावाने हाक मारतात, आणि मग सर्वांवर एकच उपाय असावा असे वाटू लागते.

५

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. १८७४ मध्ये तयार झालेल्या डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये पॉल म्यूलर याने बाझेल येथे ओळखला, आणि त्यास १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीत गेर्हार्ड श्राडर याने सेंद्रिय फॉस्फरस-संयुगांवर काम करताना १९३६ मध्ये 'टाबून' हा युद्धोपयोगी विषारी पदार्थ आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पॅराथिऑन हे कीटकनाशक बनविले. एकाच घराण्यातील एक भाऊ रणांगणासाठी आणि दुसरा शेतासाठी, असा हा प्रकार होता.

आपल्या देशास याची किंमत लवकरच मोजावी लागली. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले पीठ खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली; धान्याचा माल आणि विष यांची वाहतूक एकाच जहाजातून झाली होती. या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक-अधिनियम आणि १९७१ चे नियम निर्माण झाले. या लेखाच्या आरंभी उल्लेखिलेला रंगीत त्रिकोण त्या मृतांची आठवण आहे असे म्हणावयास हरकत नाही.

सेंद्रिय फॉस्फरस-कीटकनाशकांचा मुख्य आघात कोणता, याविषयी शंका नाही. मज्जातंतूंचा संदेश पोहोचविणारे ॲसिटिलकोलिन हे द्रव्य काम झाल्यावर मोडून टाकण्याचे कार्य कोलिनेस्टरेज हे एंझाइम करते. विष या एंझाइमला बांधून टाकते. मग संदेश थांबतच नाही : लाळ, घाम, बुबुळे आकसणे, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास बंद पडणे, अशी मालिका सुरू होते. उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यावयाचे असते, आणि १९५० नंतरच्या दशकात प्रालिडॉक्सिमसारखी ऑक्सिमवर्गीय द्रव्येही उपलब्ध झाली. विशेष असे की, हेच कोलिनेस्टरेज तांबड्या पेशीच्या पटलावरही असते. त्यामुळे रक्ताचा एक थेंब तपासून मज्जासंस्थेवर काय ओढवले आहे याचा अंदाज घेता येतो.

म्हणजे कीटकनाशकाच्या खटल्यात तांबडी पेशी दोन स्वतंत्र साक्षी देते. पहिली साक्ष कोलिनेस्टरेजची. ती विष शरीरात किती शिरले हे सांगते. दुसरी साक्ष ऑक्सिडीकरणाची. पटलातील मेदाम्ले किती नासली, रक्षक एंझाइमे किती खर्ची पडली हे ती सांगते. जीवनसत्त्वांचा संबंध या दुसऱ्या साक्षीशी आहे. बांधले गेलेले कोलिनेस्टरेज सोडविणे हे काम ॲस्कॉर्बिक आम्लाचे नव्हे आणि टोकोफेरॉलचेही नव्हे. या दोन साक्षींची गल्लत हेच प्रस्तुत विषयातील अनर्थाचे मूळ आहे.

६

दुसऱ्या साक्षीचे प्रयोग सामान्यतः असे असतात. उंदराच्या किंवा माणसाच्या तांबड्या पेशी क्लोरपायरिफॉस, मॅलाथिऑन किंवा पायरेथ्रॉइडवर्गीय कीटकनाशकाच्या द्रावणात ठेवावयाच्या आणि काही तासांनी मेदाम्लांच्या नाशातून निघणारे मॅलॉनडायाल्डिहाइड मोजावयाचे. थायोबार्बिट्युरिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितका नाश अधिक. त्याच द्रावणात आधीच क आणि ई जीवनसत्त्वे मिसळली असता रंग फिका येतो. उंदरांना कीटकनाशकाबरोबर जीवनसत्त्वे चारून केलेल्या प्रयोगांतही बहुधा याच दिशेचे निष्कर्ष मिळाले आहेत. फवारणी करणाऱ्या कामगारांच्या रक्तात ऑक्सिडीकरणाच्या ताणाच्या खुणा इतरांहून अधिक असल्याचेही अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे.

हे निष्कर्ष खोटे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि विद्यार्थ्यांनी त्यांचे वाचन करताना चार गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली गोष्ट म्हणजे गुलाबी रंगाची ही चाचणी सोपी आणि स्वस्त असली, तरी ती केवळ मॅलॉनडायाल्डिहाइडचीच नाही. इतर काही द्रव्येही तोच रंग देतात. दुसरी गोष्ट क्रमाची. प्रयोगात जीवनसत्त्व बहुधा आधी किंवा विषासोबत दिले जाते. शेतात विष आधी येते आणि उपचार मागून. तिसरी गोष्ट मात्रेची. परीक्षानळीत जीवनसत्त्वाचे जे प्रमाण ठेवता येते, ते माणसाच्या रक्तात गोळ्या खाऊन साधेलच असे नाही. आतडे आणि मूत्रपिंड क जीवनसत्त्वाची पातळी एका मर्यादेपलीकडे वाढू देत नाहीत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, गुलाबी रंग फिका होणे आणि माणूस वाचणे या दोन भिन्न घटना आहेत.

या चौथ्या मुद्द्याची कसोटी पॅराक्वाट या तणनाशकाने घेतली. हे संयुग १८८२ पासून ज्ञात होते. १९३३ मध्ये लिओनोर मायकेलिस याने त्याचा एक गुण अभ्यासला : इलेक्ट्रॉन मिळताच ते जांभळे होते, म्हणून त्यास 'मेथिल व्हायोलोजेन' हे नाव पडले. १९६२ मध्ये ते तणनाशक म्हणून बाजारात आले. शरीरात शिरल्यावर ते इलेक्ट्रॉन घेते, ऑक्सिजनला देऊन त्याचे सुपरऑक्साइड बनविते, आणि पुन्हा नवा इलेक्ट्रॉन घेण्यास मोकळे होते. ऑक्सिडीकरणाच्या ताणाचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. ऑक्सिडीकरणरोधक जीवनसत्त्वे कोठे निश्चित उतारा ठरावयाची असतील, तर ती येथे ठरली पाहिजे होती. प्रत्यक्षात ती देऊनही रुग्ण वाचतात असे सिद्ध झालेले नाही. पॅराक्वाटच्या विषबाधेवर आजही खात्रीचा उतारा नाही. जेथे यंत्रणा अगदी अनुकूल तेथेही जर तर्क फळाला आला नाही, तर जेथे ऑक्सिडीकरण हा दुय्यम परिणाम आहे तेथे अधिकच सावध असावयास हवे.

निरोगी माणसांवरील मोठ्या परीक्षणांनीही हाच धडा दिला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या परीक्षणाचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. उत्तर अमेरिकेत ३५,५३३ पुरुषांवरील परीक्षणात केवळ ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. क जीवनसत्त्वाचेही तसेच. लोहाच्या सान्निध्यात ते ऑक्सिडीकरणास मदतही करू शकते. आणि वर सांगितलेली एंझाइमची आनुवंशिक न्यूनता असलेल्या माणसास शिरेतून फार मोठी मात्रा दिल्यास ज्या तांबड्या पेशींचे रक्षण करावयाचे त्याच विरघळल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. 'सत्त्व' या शब्दावर विसंबून चालत नाही ते यामुळेच.

७

मग फवारणी करणाऱ्या माणसाचे रक्षण कशाने होते? याचे ऐतिहासिक उत्तर १९७६ मधील पाकिस्तानच्या हिवताप-नियंत्रण मोहिमेत सापडते. त्या मोहिमेत मॅलाथिऑन फवारणारे सुमारे ७,५०० कामगार होते. साथ शिगेला पोहोचली त्या जुलै महिन्यात विषबाधेचे सुमारे २,८०० प्रसंग घडले असा अंदाज आहे. शोध घेतला असता हवेत मॅलाथिऑनचे प्रमाण अगदी अल्प आढळले. विष शिरत होते ते कातडीतून. पूर्वी डीडीटी वापरताना लागलेल्या निष्काळजी सवयी तशाच चालू होत्या. शिवाय काही मालात साठवणीत तयार होणारे आयसोमॅलाथिऑन हे अधिक विषारी द्रव्य होते. ज्या कामगारांत विषबाधेची लक्षणे होती, त्यांच्या तांबड्या पेशींतील कोलिनेस्टरेज घटलेले आढळले. म्हणजे पहिली साक्ष घेतली गेली आणि ती ऐकली गेली. कामाची शिस्त पुन्हा लावण्यात आली, कमी विषारी माल वापरण्यात आला, आणि साथ आटोक्यात आली.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, ही घटना महाराष्ट्रास विसरता येण्याजोगी नाही. एकाहून अधिक कीटकनाशके एकत्र मिसळणे, डोक्याहून उंच वाढलेल्या पिकात उघड्या अंगाने फवारणे, मुखवटे व हातमोजे यांचा अभाव, या गोष्टींची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. यांपैकी एकही गोष्ट जीवनसत्त्वाच्या गोळीने दुरुस्त होणारी नाही. 'रक्षण' या क्रियापदाचा कर्ता गोळी ठरविली की, मालक, विक्रेता, उत्पादक आणि शासन हे चारही कर्ते वाक्यातून गळून पडतात, आणि रक्षणाची जबाबदारी मजुराच्याच ताटावर येऊन बसते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास कर्ता लपविणारी वाक्यरचना नवीन नाही. येथे तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते, एवढाच फरक.

याचा अर्थ जीवनसत्त्वे निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. दिवसभर राबणाऱ्या आणि बहुधा भाकरी-चटणीवर भागविणाऱ्या माणसाला पेरू, आवळा, लिंबू, पालेभाजी आणि शेंगदाणे मिळावेत हे त्याच्या रक्ताच्या हिताचेच आहे. लिंडच्या खलाशांपासून ऑस्की-बार्नेस यांच्या अर्भकांपर्यंत इतिहासाने जे निःसंशय सिद्ध केले आहे ते हेच की, उणीव भरून काढल्याने पेशी टिकते. परंतु उणीव भरणे म्हणजे पोषण, आणि विषाचा उतारा म्हणजे चिकित्सा. त्याआधी विष अंगास लागू न देणे, हे खरे रक्षण होय. या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत. त्यांचा उपयोग आपण काटेकोरपणे करावयास हवा.

संशोधनाच्या बाबतीतही याच क्रमाने विचार व्हावा असे वाटते. ज्या विद्यार्थ्यांना या विषयात काम करावयाचे असेल, त्यांनी तांबड्या पेशीच्या दोन्ही साक्षी एकाच रक्तनमुन्यात नोंदवाव्यात, हंगामापूर्वी आणि हंगामानंतर नोंदवाव्यात, आणि निष्कर्ष लिहिताना 'रक्षण' हा शब्द कोणत्या मुक्कामावरचा आहे ते स्पष्ट सांगावे : परीक्षानळीतला, उंदरातला की माणसातला. कोलिनेस्टरेजची चाचणी ज्या तालुक्यात फवारणी होते त्या तालुक्यातच व्हावी, ही मागणी अशा नोंदींतून बळकट होईल. तांबडी पेशी आपल्या १२० दिवसांच्या आयुष्यात खोटे बोलत नाही. आणि कपाशीवरील फवारणीचा काळही जवळजवळ तेवढाच असतो. पहिल्या फवारणीच्या दिवशी जन्मलेली पेशी वेचणी सुरू होईपर्यंत त्या मजुराच्या अंगात फिरत असते. तिला विचारण्याची सोय तेवढी आपण केली पाहिजे.